टपालाने वाचलेलं गाव

इंटरनेटवर कासिनो हे नाव शोधून पाहा. जुगाराचा अड्डा नव्हे, इटलीतलं गाव. रोमहून नेपल्सकडे जाताना साधारण १३० किलोमीटरवर लागतं. जे फोटो समोर येतील त्यांत गाव बहुधा नसेलच. दगडविटांचे ढीग असतील, पाण्याने भरलेले खड्डे असतील, नुसती खोडं उरलेली झाडं असतील आणि मागे डोंगरावर पडक्या दातांच्या जबड्यासारखा दिसणारा एक मठ. ढिगाऱ्याचे फोटो हवे तेवढे मिळतात. ज्या गावाचा ढिगारा झाला, त्याचे मात्र शोधावे लागतात.

मला हे सलत राहिलं. रोमन काळापासून नांदत आलेलं गाव, आणि जगाला ठाऊक आहे ती त्याची एका वसंतातली सकाळ: १५ मार्च १९४४, साडेआठ ते बारा. एखाद्या माणसाला आपण फक्त त्याच्या शवविच्छेदनाच्या अहवालावरून ओळखावं, तसं हे झालं. म्हणून गेले काही महिने मी कासिनोचे युद्धाआधीचे फोटो पाहत बसते. पाहता पाहता कळत गेलं की असे फोटो नुसते पाहून भागत नाही, ते वाचायला शिकावं लागतं. तेच इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे. जिथे घरं गेली, घरातले अल्बम गेले, रस्ते गेले, तिथले फोटो उरले कसे? फोटोतली जागा आज नेमकी कुठे आहे हे शोधतात कसं? आणि कोणत्या फोटोवर विश्वास ठेवू नये?

आधी, काय झालं ते थोडक्यात.

इटलीने दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी केल्याचं ८ सप्टेंबर १९४३ ला जाहीर झालं. युद्ध संपलं, असं लोकांना वाटलं. दोनच दिवसांनी, १० सप्टेंबरला, कासिनोवर दोस्त राष्ट्रांचे पहिले बॉम्ब पडले. कारण भूगोलात होतं. दक्षिणेकडून रोमला जाणारा वीया कासिलीना हा जुना रस्ता आणि रेल्वे, दोन्ही या गावाला खेटून जातात. पुढे लीरी नदीचं रुंद खोरं पसरलेलं आहे आणि त्या खोऱ्याच्या तोंडाशीच, पाचशे मीटरहून उंच डोंगरावर, मोंतेकासिनोचा मठ आहे. डोंगर ज्याच्या हातात, रस्ता त्याच्या हातात. जर्मन सैन्याने आपली संरक्षणाची फळी, 'गुस्ताव्ह रेषा', इथूनच नेली आणि १७ जानेवारी ते १८ मे १९४४ या काळात तिच्यासाठी चार लढाया झाल्या.

१५ फेब्रुवारीला मठावर बॉम्ब टाकले गेले. संत बेनेडिक्टने इसवी सन ५२९ च्या सुमारास स्थापलेला हा मठ. आत साधू होते आणि आसऱ्याला आलेले शेकडो गावकरी होते. जर्मन सैनिक त्या वेळी मठात नव्हते, हे पुढे स्पष्ट झालं. त्यानंतर बरोबर महिन्याने गावाची पाळी आली. साडेतीन तासांत सुमारे १००० टन बॉम्ब आणि वर तोफांचा मारा. दुपारी न्यूझीलंडचे रणगाडे आत शिरायला निघाले, तर त्यांना रस्ताच सापडेना. विमानांनी रस्ता मोकळा करायचा होता. त्यांनी तो गाडून टाकला होता. त्यात रात्री पाऊस आला आणि खड्ड्यांची तळी झाली. गाव आणि मठ दोस्तांच्या हाती यायला १८ मे उजाडला.

युद्धानंतरचे फोटो पाहताना त्या खड्ड्यांतलं चकाकतं पाणी नीट पाहा. त्या साठलेल्या पाण्यात डास झाले आणि पडक्या घरांत परतलेल्या लोकांत मलेरिया पसरला. मठाचे वृद्ध प्रमुख ग्रेगोरियो दियामारे बॉम्बफेकीतून जिवंत बाहेर पडले होते. १९४५ साली ते मलेरियाने गेले.

मठ जागेवर, गाव सरकलं

पुढचा सगळा गुंता समजायला एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: कासिनोत पुनर्बांधणी दोन वेगळ्या तऱ्हांनी झाली.

मठाच्या बाबतीत ठरलं, 'कोमेरा, दोवेरा'. म्हणजे जसा होता तसा, जिथे होता तिथे. हे शब्द इटलीत आधीपासून रुळलेले होते. व्हेनिसचा मोठा घंटामनोरा १९०२ साली कोसळला तेव्हा तो पुन्हा उभारताना हीच घोषणा होती. त्याप्रमाणे जुने आराखडे, चित्रं, फोटो समोर ठेवून मठ दगडावर दगड चढवत उभा केला गेला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी तिथे पुन्हा वेदी पवित्र केली. आज खालून पाहणाऱ्याला वाटतं, हा शतकानुशतकं असाच उभा असणार.

गावाला हे भाग्य लाभलं नाही. जुनं कासिनो डोंगराच्या पायथ्याला बिलगून होतं. वर किल्ला, त्याच्या उतारावर घरं आणि खाली रस्ता. नवं गाव बरंचसं सपाटीवर, मोकळ्या जागेत आखलं गेलं. सरळ रुंद रस्ते, काँक्रीटच्या इमारती. यात मला कुणाचा दोष दिसत नाही. लोकांना डोक्यावर छप्पर हवं होतं आणि जुन्या जागेवर मातीत न फुटलेले बॉम्ब होते. पण परिणाम असा झाला की जुन्या फोटोतल्या एखाद्या चौकाबद्दल 'आज तिथे काय आहे?' असं विचारलं तर नुसता नवा फोटो शेजारी लावून उत्तर मिळत नाही. रस्त्याची रेषाच बदलली. कधी गल्लीच्या जागी झाडी आहे, कधी चौकावरून इमारत गेली आहे.

पुण्या-मुंबईच्या जुन्या फोटोंशी आपण जो खेळ खेळतो, 'तेव्हा आणि आता', तो इथे साध्या पद्धतीने खेळता येत नाही.

जे गावाबाहेर गेलं, तेच उरलं

आता मूळ प्रश्न. सगळं जळलं, तर फोटो आले कुठून?

विचार करा, फोटो कुठे असतात? घरच्या पेटीत, भिंतीवरच्या चौकटीत, फोटोग्राफरच्या दुकानातल्या काचेच्या निगेटिव्हमध्ये, नगरपालिकेच्या कपाटात, चर्चच्या दफ्तरात. यातलं जे १९४४ च्या वसंतात कासिनोत होतं, त्यातलं फारच थोडं वाचलं. म्हणजे आज आपल्यासमोर येणारा जवळपास प्रत्येक फोटो असा आहे, जो त्याआधीच गाव सोडून गेला होता. पोस्टमनच्या थैलीतून, बोटीतल्या ट्रंकेतून, विमानाच्या पोटातल्या कॅमेऱ्यातून. कोण घेऊन गेलं, यावर आत काय दिसतं हे ठरतं.

सर्वांत जास्त वाचली ती पोस्टकार्डं, कारण पोस्टकार्डाचा धर्मच दुसऱ्या गावी जाण्याचा. मोंतेकासिनोला यात्रेकरू आणि प्रवासी सतत येत. खाली रेल्वेने उतरायचं, मठ पाहायचा, घरी एक कार्ड टाकायचं. ते कार्ड मिलानच्या, म्युनिकच्या, लंडनच्या कुणाच्या तरी खणात पडून राहिलं आणि गाव नाहीसं झाल्यावरही तिथेच होतं. पण पोस्टकार्ड छापणारा काय निवडतो? मोठा रस्ता, चौक, स्टेशन, हॉटेल, किल्ला आणि मठ. मागची गल्ली, धुणं वाळत घातलेला सज्जा, खाटकाचं दुकान त्याला नको असतं. एकाच जागेची दहा कार्डं सापडतात आणि शेजारच्या आळीचं एकही सापडत नाही. त्यावरून गाव म्हणजे तेवढेच चार देखणे कोपरे, असा आपला समज होऊन बसतो.

दुसरा गठ्ठा परदेशी गेलेल्यांचा. कासिनोभोवतीचा हा डोंगराळ मुलूख गरीब. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इथली माणसं स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स, अमेरिका अशी पोटामागे गेली. आयर्लंडात तळलेले मासे आणि बटाटे विकणाऱ्या किती तरी इटालियन कुटुंबांचं मूळ जवळच्याच कासालात्तिको या खेड्यात आहे. अशा घरांना गावाकडून फोटो जात. नव्या बाळाचा, लग्नाचा, म्हातारीचा, लष्कराच्या गणवेशातल्या भावाचा. हे फोटो माणसांसाठी काढलेले, गाव त्यांत नकळत आलेलं. नवरी दारात उभी आहे म्हणून दाराची चौकट दिसते, पायरीचा झिजलेला दगड दिसतो. पोस्टकार्डवाल्याने कधीच न टिपलेली आळी इथे कोपऱ्यातून डोकावते. मला हे फोटो सर्वांत मोलाचे वाटतात आणि नेमके हेच सर्वांत कमी आहेत. बहुतेकांच्या मागे नुसतं एक पाळण्यातलं नाव लिहिलेलं. पुढची पिढी इंग्रजी बोलणारी, तिला ते नाव कुणाचं हे सांगता येत नाही.

मठाच्या ठेव्याची कथा निराळी. १९४३ च्या शरद ऋतूत युलियुस श्लेगेल आणि माक्सिमिलियान बेकर या दोन जर्मन सेनाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने मठातली हस्तलिखितं, ग्रंथ आणि दस्तऐवज लष्करी ट्रकांत भरून बाहेर काढले गेले. इसवी सन ९६० चा, इटालियन लोकभाषेतलं सर्वांत जुनं समजलं जाणारं वाक्य ज्यात आहे तो न्यायनिवाड्याचा कागद याच मठाचा. ट्रक गेले म्हणून तो राहिला. खाली गावातल्या पेट्यांसाठी कुणी ट्रक पाठवले नाहीत.

आणि चौथे फोटो वरून काढलेले. हे सांगताना मन जड होतं. या गावाचे सर्वांत पद्धतशीर, एकही घर न सोडणारे फोटो त्यांनीच काढले ज्यांना त्यावर बॉम्ब टाकायचे होते. टेहळणी विमान सरळ रेषेत उडे आणि त्याचा कॅमेरा ठरावीक अंतराने खाली फोटो घेत जाई. लागोपाठचे दोन फोटो निम्म्याहून जास्त एकमेकांवर येतील असा हिशेब असे. कारण साधं आहे: आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या जागेवरून पाहतात म्हणून आपल्याला खोली कळते. विमानाने पुढे सरकून घेतलेला दुसरा फोटो हा दुसरा डोळा. दोन्ही फोटो दुहेरी भिंगाच्या उपकरणाखाली शेजारी ठेवले की गाव टेबलावर उभं राहतं. कुठली इमारत दोन मजली, कुठली तीन, ते मोजता येतं. भारतीय डिव्हिजनच्या आणि न्यूझीलंडच्या नकाशातज्ज्ञांनी हे फोटो खंदक आणि तोफा शोधायला पाहिले. आज त्याच फोटोंत संशोधक गल्ल्या, अंगणं आणि मळे शोधतात. असे लाखो हवाई फोटो एडिनबर्गच्या आणि रोमच्या राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रहांत जपलेले आहेत.

चौथ्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख फ्रान्सिस टकर यांची एक हकिकत इथे सांगायलाच हवी. मठाच्या भिंती किती जाड आहेत हे त्यांना वरिष्ठांकडून कळेना. तेव्हा नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांत शोध घेऊन १८७९ सालचं एक पुस्तक मिळवण्यात आलं, त्यात मठाच्या बांधकामाचं वर्णन होतं. भिंती तळाशी किमान दहा फूट जाड आहेत, हे त्यातून समजलं. ज्याने ते पुस्तक लिहिलं त्याला ती वास्तू लोकांना दाखवायची होती. ते वाचलं गेलं ती पाडायला किती मोठे बॉम्ब लागतील हे ठरवण्यासाठी. जुनी नोंद कुणाच्या हातात पडेल, हे लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं.

फोटो कधीचा?

फोटोवर तारीख नसेल तर? कासिनोच्या बाबतीत काही हुकमी खुणा आहेत.

पहिली खूण नावाची. या गावाचं मध्ययुगापासूनचं नाव होतं सान जेर्मानो. १८६३ साली ते बदलून कासिनो केलं गेलं, जवळच्याच प्राचीन रोमन कासिनुमची आठवण म्हणून. तेव्हा चित्राखाली किंवा अगदी जुन्या फोटोखाली 'सान जेर्मानो' असेल तर तो काळ उघड आहे. मात्र जरा जपून. लोकांच्या तोंडची नावं सरकारी हुकुमाने लगेच जात नाहीत हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी खूण आकाशात. १९३० साली गावातून थेट मठापर्यंत रोपवे सुरू झाला. डोंगराच्या उतारावर खांब आणि तारा दिसत असतील तर फोटो त्यानंतरचा. तारा दिसत नाहीत म्हणून मात्र तो आधीचा ठरत नाही, कारण पोस्टकार्ड छापणारे नको त्या तारा सर्रास खोडून टाकत आणि रिकाम्या आकाशात ढग भरत.

तिसरी खूण फलकांवर. मुसोलिनीच्या राजवटीत नेहमीच्या सालाशेजारी रोमन आकड्यांत 'फॅसिस्ट वर्ष' लिहिण्याची रीत होती. मोजणी २९ ऑक्टोबर १९२२ पासून. म्हणजे भिंतीवर 'वर्ष बारावं' दिसलं तर ऑक्टोबर १९३३ ते ऑक्टोबर १९३४. उलट रस्त्याच्या पाटीवर 'रेपुब्लिका' हा शब्द दिसला तर तो फोटो युद्धाआधीचा असू शकत नाही. इटली प्रजासत्ताक झाली जून १९४६ च्या जनमतानंतर, तोवर तिथे राजा होता. आजच्या कासिनोच्या मुख्य रस्त्याचं नाव कोर्सो देल्ला रेपुब्लिका. ते नावच सांगतं की जुन्या गावात या नावाचा रस्ता नव्हता.

आणि कार्ड उलटं करायला विसरू नका. टपालाच्या शिक्क्यावरून कार्ड कधी टाकलं ते कळतं. फोटो कधी काढला ते कळत नाही. दुकानदार एकच चित्र पाच-दहा वर्षं विकत असे. शिक्का इतकंच सांगतो की फोटो त्या दिवसाच्या आधीचा आहे.

फोटो कुठला?

मला स्वतःला सर्वांत गुंतवून ठेवणारा भाग हा. रस्ताच उरला नाही, तर फोटोग्राफर कुठे उभा होता हे कसं शोधायचं?

एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहताना जवळचे खांब झपाझप मागे पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालतो. त्यामुळे एकाच खांबामागे डोंगराची वेगवेगळी टोकं येत जातात. आता उलट विचार करा. कुणी तुम्हाला फोटो दाखवला आणि त्यात अमुक खांबाच्या बरोबर मागे अमुक सुळका आहे, तर फोटो काढणारा कुठे असेल? त्या सुळक्यापासून खांबापर्यंत दोरी ताणा आणि तशीच पुढे आणा. तो त्या दोरीवर कुठे तरी आहे. दुसऱ्या एका जोडीची दोरी ताणा. दोन दोऱ्या एकमेकींना जिथे छेदतील, तिथे कॅमेरा होता.

कासिनोत अशा जोड्या निसर्गानेच दिल्या आहेत. जवळची खूण म्हणजे रोक्का यानुला, गावाच्या डोक्यावरचा छोटा किल्ला, १९३ मीटर उंचीवरचा. त्याच्या मागे आणि वर मठ. मठाच्याही मागे मोंते काइरो, १६६९ मीटर. जुन्या पोस्टकार्डांत हे तीन थर एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. किल्ल्याचा बुरूज मठाच्या डाव्या टोकाखाली आला आहे की उजव्या, यावरून फोटोग्राफर खाली पायथ्याशी किती पावलं इकडे-तिकडे सरकला होता ते कळतं. बुरूज मठाला किती झाकतो, यावरून तो किती जवळ होता याचा अंदाज येतो. जमिनीलगतच्या खुणाही आहेत: रोमन काळातलं अँफिथिएटर अजून जागेवर आहे. पहिल्या शतकातल्या उम्मिदिया क्वाद्रातिल्ला या श्रीमंत बाईंनी ते स्वतःच्या खर्चाने गावाला बांधून दिलं, तसा शिलालेखच सापडला आहे. हवाई फोटो आजच्या नकाशावर बसवताना अशी न हललेली तीन-चार ठिकाणं धरतात आणि बाकीचा कागद त्यांच्याभोवती ताणून घेतात.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. ही सगळी मोजणी जमते, कारण मठ पुन्हा होता तसा, होता तिथे बांधला गेला. तो आधुनिक आकाराचा केला असता, दहा मीटर सरकवला असता, तर जुन्या फोटोंतली मुख्य खूणच गेली असती. काहींना ती पुनर्बांधणी खोटी वाटते, जुन्याची नक्कल वाटते. मला पूर्वी थोडं तसंच वाटे. आता नाही वाटत. वरचा मठ जागेवर आहे म्हणून खालची नाहीशी झालेली आळी नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

सगळ्याच वास्तूंचं असं झालं नाही. गावात सांता मारिया देल्ले चिंक्वे तोर्री नावाचं चर्च होतं, म्हणजे पाच मनोऱ्यांची सांता मारिया. आठव्या शतकाच्या अखेरीस मठाधिपती थेओदेमार यांनी बांधलेलं. चौकोनी इमारत, चार कोपऱ्यांवर चार मनोरे, मधोमध पाचवा आणि आत जुने रोमन खांब. अकराशे वर्षांहून जास्त उभं राहून ते १९४४ मध्ये गेलं आणि पुन्हा बांधलं गेलं नाही. मठातलेच एक साधू आणि अभियंता असलेले आंजेलो पांतोनी यांनी मठाच्या ढिगाऱ्यातून निघालेल्या गोष्टींची जशी बारकाईने नोंद केली, तसाच या चर्चचाही अभ्यास केला. आज ते चर्च आराखड्यांत, वर्णनांत आणि मोजक्या फोटोंत आहे. त्या फोटोंत एका भिंतीवर सावली पडली आहे म्हणून तिच्यातली खिडकी नीट दिसत नसेल, तर ती खिडकी आता कुणालाच दिसणार नाही.

रंग भरण्याबद्दल

म्हणूनच हल्ली जुने फोटो रंगीत आणि ठसठशीत करून फिरवले जातात तेव्हा मला भीती वाटते. रंग भरणाऱ्या संगणक प्रणालीला कासिनोतल्या त्या दाराचा रंग ठाऊक नसतो. तिने लाखो दुसरी दारं पाहिलेली असतात आणि त्यावरून ती 'बहुधा तपकिरी' असं ठरवते. चेहरा ठळक करणारी प्रणाली त्याहून पुढे जाते. दूरवर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी फोटोत मुळात सात-आठ करडे ठिपके असतात. ती त्यांतून डोळे, नाक, ओठ तयार करते. तो चेहरा त्या माणसाचा नसतो.

जिवंत गावात अशी चूक पकडता येते. कुणी तरी म्हणतं, अहो, आमचं दार हिरवं होतं. कासिनोत असं म्हणणारं माणूसही आता क्वचित उरलं असेल. पूर्वीची हाताने रंगवलेली पोस्टकार्डंही अशीच होती. दूरच्या छापखान्यात, गाव कधी न पाहिलेला कारागीर छप्परं लाल आणि झाडं हिरवी करत असे. पण ते रंग वरून लावलेत हे पाहताक्षणी कळे. नव्या चित्रात ते कळत नाही. रंग भरायचेच असतील तर करड्या मूळ प्रतीसकट द्यावेत, एवढं तरी आपण पाळायला हवं.

मूळ प्रतीतला अंधुकपणाही काही सांगत असतो. जुन्या कॅमेऱ्याला उजेड गोळा करायला वेळ लागे. इमारती स्पष्ट येत आणि चालतं माणूस धुरासारखं पुसट. रस्त्यावर असा पुसट डाग दिसला तर समजायचं, इथून कुणी तरी जात होतं आणि ते फोटोसाठी थांबलं नाही. त्याला काम असेल.

आकड्यांच्या टेकड्या

या गावाशी आपलाही धागा आहे, आणि तो खरा आहे. फेब्रुवारी-मार्च १९४४ मध्ये चौथी भारतीय डिव्हिजन मठाच्या डोंगरावर लढली. मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजनने खाली गारी नदी ओलांडली. याच आठव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. त्या बटालियनचे नामदेव जाधव यांना पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडातल्या पळसगावचे यशवंत घाडगे हे तिसऱ्या बटालियनचे. ते १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि २०२३ साली तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं गेलं. कासिनोच्या युद्धस्मशानात राष्ट्रकुलातल्या चार हजारांहून जास्त सैनिकांची दफनं आहेत, त्यांत भारतीयही आहेत.

या सैनिकांनी गाव पाहिलं ते पडलेलंच. त्यांच्या नकाशांवर नावांऐवजी उंचीचे आकडे होते. त्यामुळे लढायांच्या हकिकतींत १९३, ४३५, ५९३ असे आकडे येतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. मी एक सवय लावून घेतली आहे. हकिकत वाचताना शेजारी युद्धाआधीचा फोटो ठेवायचा आणि आकड्याला त्याचं घरचं नाव द्यायचं. १९३ म्हणजे रोक्का यानुला, पोस्टकार्डावरचा तो किल्ला. ५९३ म्हणजे मोंते काल्व्हारियो.

आणि ४३५. या उंचवट्याला सैनिक 'फाशीची टेकडी' म्हणत. नवव्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन मार्च १९४४ मध्ये तिथे पोहोचली आणि मठाच्या भिंतीपासून थोड्याच अंतरावर, पुरेसं अन्नपाणी नसताना, आठवडाभराहून जास्त काळ टिकून राहिली. टेकडीवर एक मोडका खांब होता, खालून तो फाशीच्या खांबासारखा दिसे, म्हणून ते नाव.

तो रोपवेचा खांब होता. तिसाच्या दशकातल्या फोटोंत तो धड उभा आहे, तारा ताणलेल्या आहेत आणि डब्यात बसून माणसं वर मठ पाहायला चालली आहेत.